रात्रीची कवळी

निस्टॅटिन या बुरशीरोधक औषधाची गोष्ट या आठवड्यात सांगणार होतो, ती पुढे ढकलतो. साताऱ्याहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे आणि त्यांना आधी उत्तर द्यायला हवं. त्यांच्या आई वृद्धाश्रमात असतात. टाळू लालभडक झाला, औषधाने उतरला, महिन्याभरात पुन्हा तसाच. ‘औषध बदलून घ्यावं का?’ असं त्या विचारतात. पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय, की आई रात्रीही कवळी काढत नाहीत. खोलीतल्या बायकांनी आपलं बोळकं पाहिलेलं त्यांना चालत नाही.

ताई, औषधाआधी त्या कवळीकडे बघू या.

वरची कवळी हातात घेऊन उलटी करा. टाळूला बसणाऱ्या बाजूला पॉलिश नसतं, कारण ती टाळूच्या उंचसखलपणाशी जुळावी लागते. तिथल्या बारीक खाचांत कॅंडिडा अल्बिकन्स ही बुरशी घट्ट बसते आणि जिवाणूंच्या सोबतीने चिकट थर धरते. कवळीखाली लाळ पोहोचत नाही. मग धुऊन निघणं नाही, लाळेतल्या बुरशीरोधक प्रथिनांचा पहारा नाही, शिवाय आम्लता वाढते आणि ती कॅंडिडाला मानवते. झोपेत तर लाळ आधीच कमी. अशा वेळी टाळूला औषध लावून तीच न घासलेली कवळी वर चढवली, तर बुरशी पुन्हा टाळूवर येणारच. त्यात हा लालपणा बहुधा दुखत नाही, म्हणून कुणी तक्रारही करत नाही. कवळी काढून टाळू पाहिला तरच तो दिसतो.

टोकियोत पंच्याऐंशी आणि त्यापुढच्या वयाच्या ५२४ जणांवर तीन वर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. कवळी घालून झोपणाऱ्यांत कॅंडिडा अधिक सापडली, जिभेवर आणि कवळीवर थर अधिक होता, आणि न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त निघाला. न्यूमोनिया कॅंडिडानेच होतो असं नव्हे. तोंडातले जिवाणू झोपेत श्वासनलिकेत उतरतात. जपानमधल्याच अकरा शुश्रूषागृहांचा अभ्यास १९९९ साली आला होता. कर्मचारी ज्या वृद्धांचं तोंड रोज जेवणानंतर स्वच्छ करून देत, त्यांच्यापैकी ११ टक्क्यांना दोन वर्षांत न्यूमोनिया झाला. इतरांत १९ टक्के. सांभाळणाऱ्या मावशींच्या हातातल्या ब्रशचं मोल एवढं मोठं आहे.

तेव्हा आश्रमाशी बोला. दिवे मालवल्यावर, पडदा ओढून कवळी काढायची. पहाटेच्या चहाआधी पुन्हा बसवायची. आईंचा मान राखला की त्या नाही म्हणणार नाहीत. कवळी मऊ ब्रशने, साध्या साबणाने, आतून नीट घासायची. खाली पाण्याचं घमेलं ठेवा, हातातून निसटली तरी तुटणार नाही. टूथपेस्टने चरे पडतात, कढत पाण्याने आकार बिघडतो. रात्रभर स्वच्छ पाण्यात, स्वतःच्या डबीत. डबीवर नाव हवंच, कारण सगळ्यांच्या कवळ्या एका टबात धुतल्या की अदलाबदल होते. टाळू आणि जीभ ओल्या गॉजने पुसा. एवढं करूनही लाली राहिली तर दंतवैद्यांना कवळीही दाखवा. सैल झाली असेल तर ती घासत राहते.

गोळ्या दिल्याची नोंद रात्रपाळीच्या वहीत होतेच, शेजारी ‘कवळी काढली’ हा एक रकाना वाढवायला सांगा.

एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन यांचं १९५० सालचं निस्टॅटिन आणि आपल्या पिंपरीत सापडलेलं हॅमायसिन, ही दोन्ही बुरशीरोधक औषधं पुढच्या आठवड्यात.