जीपला मोठे टायर बसवण्यापूर्वी ॲक्सलचे गुणोत्तर तपासा

काळ्या जमिनीत पाऊस पडून गेला की रस्त्यावर सहज धावणारी जीप शेतवाटेवर अडते. चाकोरी खोल होते आणि ॲक्सलचा गोळा चिखलाला टेकतो. यावर उपाय म्हणून काही शेतकरी मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवतात. गाडी उंच होते; पण भरलेली ट्रॉली ओढताना क्लचला जळका वास येऊ लागतो, साध्या चढावरही खालचा गिअर टाकावा लागतो. अशा वेळी दोष इंजिनाचा असतोच असे नाही. टायर बदलले, मात्र ॲक्सलचे गुणोत्तर तेच राहिले, हे खरे कारण असू शकते.

गुणोत्तर म्हणजे काय?

ॲक्सलच्या गोळ्यात लहान पिनियन मोठ्या क्राऊन चाकाला फिरवते. पिनियनला ८ व क्राऊनला ३९ दाते असतील, तर ३९ भागिले ८ म्हणजे ४.८८ हे गुणोत्तर झाले. शाफ्टचे ४.८८ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. आकडा जितका मोठा, तितकी ओढ जास्त व वेग कमी. टायर मोठा झाला की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते आणि ओढ त्याच प्रमाणात घटते.

मोजमाप कसे करावे?

टायरवर छापलेल्या मापावर विसंबू नये. नेहमीची हवा व नेहमीचे ओझे ठेवून टायरवर व जमिनीवर खडूची खूण करावी. गाडी सरळ ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ द्यावा व अंतर टेपने मोजावे. नव्या टायरचेही असेच मोजावे. मग पुढील हिशेब करावा :

नवे गुणोत्तर = जुने गुणोत्तर × नव्या टायरचे अंतर ÷ जुन्या टायरचे अंतर

समजा, जुना टायर एका फेऱ्यात २.२० मीटर जातो व नवा २.४२ मीटर. फरक १० टक्के आहे. जुने गुणोत्तर ४.८८ असेल, तर नवे ५.३७ हवे. ४३ व ८ दात्यांचा संच ५.३८ गुणोत्तर देतो. तो येथे चपखल बसेल. ताशी ६० किलोमीटर वेगाला, टॉप गिअरमध्ये शाफ्ट व इंजिन सारखेच फिरत असेल, तर जुन्या टायरवर इंजिन मिनिटाला सुमारे २,२२० फेरे घेते. नुसते टायर बदलल्यास ते २,०२० वर येते. नव्या संचाने ते पुन्हा २,२२० होते.

हे दोन्ही आकडे जीपच्या इतिहासातलेच आहेत. दुसऱ्या महायुद्धातील विलीस जीपला ४.८८ गुणोत्तर होते. युद्ध संपताच १९४५ मध्ये शेतकामासाठी म्हणून विकायला काढलेल्या सीजे-२ए जीपला ५.३८ दिले गेले. शेतात वेगापेक्षा ओढ महत्त्वाची, हे त्यामागचे कारण.

हिशेबाचा आकडा दोन उपलब्ध संचांच्या मध्ये आल्यास, ओझे व शेतवाट जास्त असेल तर मोठा आकडा घ्यावा; डांबरी रस्त्यावरची धाव जास्त असेल तर लहान घ्यावा. मोठ्या आकड्याने वेगात इंजिन जास्त फिरते व इंधन जास्त लागते.

दोन्ही ॲक्सल सारखेच हवेत

चारही चाकांना गती मिळणाऱ्या जीपमध्ये पुढचा व मागचा संच एकाच गुणोत्तराचा असावा. केवळ मागचा बदलल्यास, चारही चाके जोडताच पुढची व मागची चाके एकमेकांना ओढतात. चिखलात चाके घसरून ताण सुटतो. पण कडक रस्त्यावर शाफ्ट, सांधे व दाते मोडू शकतात. चारही टायर एकाच मापाचे ठेवावेत.

ट्रॅक्टरबाबत अधिक जपावे. चारही चाकांना गती देणाऱ्या ट्रॅक्टरची पुढची चाके लहान असतात व त्यांचा वेग मागच्यांपेक्षा किंचित जास्त ठेवलेला असतो. एकाच बाजूचे टायर बदलले की हा मेळ बिघडतो. म्हणून कंपनीने सांगितलेलीच जोडी वापरावी.

ब्रेक सुधारत नाही

गुणोत्तर बदलून ओढ परत मिळते, ब्रेकची पकड मिळत नाही. वरील उदाहरणात तेवढ्याच दाबाला ब्रेक सुमारे १० टक्के कमी काम करतो. भरल्या ट्रॉलीसह उतारावर हे धोक्याचे आहे. शिवाय वेगमापकाची जोडणी तीच राहिली, तर तो ५० दाखवत असताना नुसते टायर बदललेली गाडी ५५ ने धावत असते.

खर्च करण्यापूर्वी

वरील उदाहरणात टायरचा व्यास ७ सेंटिमीटरने वाढतो, पण ॲक्सल उचलला जातो साडेतीनच सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम दोन बोटे. तेवढ्यासाठी दोन संच, बेअरिंग, सील व मजुरी असा खर्च येतो. जीप वर्षातून थोडेच दिवस शेतात जात असेल, तर मूळ मापाचे खोल नक्षीचे टायर घ्यावेत व अवघड जागी लो गिअर वापरावा. बदल करायचाच असेल, तर पुढील काळजी घ्यावी :

१. कंपनीच्या मापाबाहेरचा बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी.
२. क्राऊन व पिनियन जोडीनेच बदलावेत. जुन्यावर नवा बसवू नये.
३. दात्यांमधील मोकळीक जाणकार कारागिराकडूनच बसवून घ्यावी.
४. पुस्तिकेत दिलेल्या प्रतीचेच तेल भरावे व सुरुवातीला जड ओझे ओढू नये.

टायर पसंत करण्याआधी टेप, खडू व कागद घेऊन हा हिशेब मांडावा. क्लच जळाल्यावर तो करण्यात अर्थ नाही.