वकिलाविना अपघात दावा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बीड शहराच्या दक्षिणेस, बिंदुसरा प्रकल्पालगत असलेले पाली हे गाव धुळे–सोलापूर महामार्गावर वसलेले आहे आणि या पट्ट्यातील ऊसतोड टोळ्या दरवर्षी ट्रक-ट्रॅक्टरने कारखान्यांकडे जातात. त्यामुळे वाहन अपघातातील जखमी आणि विमा कंपनी यांच्यातील देवघेव येथील अनेक घरांच्या ओळखीची आहे. तिच्याविषयीचे समज मात्र बहुतांशी ऐकीव असतात.

वकील लावल्याशिवाय दावा उभाच राहत नाही, हा त्यांपैकी सर्वांत रूढ समज होय. मोटार वाहन अधिनियम, १९८८ यात २०१९ साली झालेल्या आणि दाव्यांच्या बाबतीत १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या सुधारणांनुसार, अपघाताचा माहिती अहवाल तीन महिन्यांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे अशा भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायपीठाकडे, पाठवणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे आणि कलम १६६(४) प्रमाणे तो अहवालच भरपाईचा अर्ज समजला जातो. कलम १४९ नुसार विमा कंपनीने दाव्यासाठी अधिकारी नेमायचा असतो व तो तीस दिवसांत न्यायाधिकरणासमोर रकमेचा प्रस्ताव ठेवू शकतो. जखमीने तो स्वीकारल्यास तडजोडीची नोंद होते आणि ती मिळाल्यापासून तीस दिवसांत कंपनीला पैसे द्यावे लागतात.

याचा अर्थ वकिलाविना तडजोड होऊ शकते. न्यायाधिकरणाला वगळून केलेली तडजोड मात्र वेगळी गोष्ट आहे. वाहनमालकाने दवाखान्याचे बिल भरून बाँडवर ‘आमची काही तक्रार नाही’ असे लिहून घेतले की दोन्ही पक्ष ‘केस मिटली’ म्हणतात. परंतु चालकावरील फौजदारी खटला आणि भरपाईचा दिवाणी स्वरूपाचा दावा यांचे मार्ग स्वतंत्र असतात, आणि अशा कागदाने विमा कंपनीविरुद्धचा दावा आपोआप संपत नाही. तथापि तो पुढे जखमीच्याच विरुद्ध पुरावा म्हणून दाखवला जातो, ही बाब सही करण्यापूर्वी क्वचितच लक्षात घेतली जाते.

याहून नुकसानकारक गैरसमज कलम १६४ बद्दल आहे. या कलमाखाली चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. जुन्या कायद्यात अशी विनादोष रक्कम तात्पुरती मदत असे व मुख्य दावा पुढे चालू राही. त्या आठवणीवर विसंबून ‘आधी हे पदरात पाडून घेऊ, बाकीचे मागाहून बघू’ असा सल्ला आजही दिला जातो. आता मात्र कलम १४९ च्या पद्धतीने ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालचा दावा संपुष्टात येतो.

अडीच लाख म्हणजे थोडे की पुष्कळ, हे हिशेबाशिवाय कळत नाही. समजा, ३२ वर्षांचा, महिना १२,००० रुपये मिळवणारा मजूर जखमी झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालानुसार चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी किंवा ठरावीक पगारी व्यक्तीच्या उत्पन्नात भावी वाढीपोटी ४० टक्के मिळवले जातात, म्हणजे महिना १६,८०० आणि वर्षाला २,०१,६०० रुपये; त्याला वयानुसार ठरलेल्या १६ या गुणकाने गुणल्यास ३२,२५,६०० येतात. कमाईची क्षमता ३० टक्क्यांनी घटली असेल, तर केवळ या एका शीर्षाखाली ९,६७,६८० रुपये होतात. उपचार, वेदना, बुडालेली मजुरी यांचा हिशेब वेगळाच.

येथे अपंगत्व प्रमाणपत्रावरील टक्का म्हणजेच भरपाईचा टक्का, हाही समज दूर व्हायला हवा. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) या निकालाने शरीराचे अपंगत्व आणि कमाईचे नुकसान यांत फरक केला असून, हात गमावलेल्या सुताराचे नुकसान कारकुनापेक्षा कितीतरी मोठे असते. कोयता धरणाऱ्यालाही हाच न्याय लागतो. म्हणूनच उपचार पूर्ण होऊन अपंगत्व निश्चित होण्यापूर्वी आलेला प्रस्ताव, तो कितीही आपुलकीने मांडलेला असो, घाईने स्वीकारू नये.

मात्र थांबण्यालाही मर्यादा आहे. दावा केव्हाही दाखल करता येतो, हे २०२२ पूर्वी खरे होते. आता सहा महिन्यांची मुदत आहे, आणि तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले असले तरी त्या भरवशावर राहणे शहाणपणाचे नाही. अपघात सांगलीत किंवा बेळगावात झाला म्हणून तिकडे हेलपाटे घालण्याची मात्र गरज नसते, कारण जखमी जेथे राहतो तेथील, म्हणजे बीडच्या, न्यायाधिकरणातही दावा दाखल करता येतो. कामावर असताना वाहनाने इजा झालेल्या मजुराने कामगार भरपाईचा कायदा किंवा मोटार वाहन कायदा यांपैकी एकच मार्ग निवडायचा असतो, दोन्ही नव्हेत.

लोकअदालतीतील तडजोड पसंत न पडल्यास वर अपील करता येते, असे मानून सही करणारेही आढळतात. वास्तविक त्या निवाड्यावर अपील नाही. वकिलाला टाळण्यामागे बहुधा टक्केवारीचे भय असते, पण भरपाईत वाटा ठरवून घेण्यास बार कौन्सिलच्या नियमांनीच वकिलांना मनाई आहे. शिवाय स्त्रिया, अपंग, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना, उत्पन्न कितीही असले तरी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. दावा स्वतः चालवणाऱ्या पात्र व्यक्तीनेही कंपनीचा प्रस्ताव हाती पडल्यावर, सही करण्याआधी, तो बीडच्या न्यायालयातील या कार्यालयात दाखवून घ्यावा.