मरोदा ते पुणे, एका अक्षराची वारी

मरोद्याची दुपार शांत असते. मधूनच दल्ली राजहऱ्याचं लोहखनिज घेऊन भिलाईच्या कारखान्याकडे निघालेली मालगाडी मरोदा स्टेशनावरून जाते, तेवढाच काय तो आवाज. अशाच एका दुपारी मावशीच्या घरी मी भाचीच्या शेजारी बसलो होतो. तिच्या लॅपटॉपवर एक काळी खिडकी उघडी होती. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेतल्या संगणकावर तिचं काम चालू होतं. तिनं 'एल' ही कळ दाबली आणि पडद्यावर 'एल' उमटला.

"हे अक्षर कुठून आलं गं?" मी विचारलं.

"कुठून म्हणजे? मीच दाबलं ना, मामा."

तसं नाहीये ते! पडद्यावरचा तो 'एल' तिच्या कीबोर्डवरून आलेला नव्हता, तो पुण्याहून आला होता. कळ दाबली गेली, ते अक्षर काचेच्या तंतूंमधून प्रकाश होऊन पुण्याला गेलं. सरळ रेषेत मोजलं तरी हे अंतर आठशे किलोमीटरच्या वर भरतं. तिथल्या यंत्रानं ते घेतलं, "मिळालं बरं का" म्हणून तेच अक्षर परत पाठवलं, आणि मग ते इथं दिसलं. जाऊन-येऊन वारी, पापणी लवायच्या आत. पुढच्या 'एस'ची पुन्हा नवी वारी. मरोद्यात बसून पुण्याच्या यंत्राला एक ओळ लिहायची, तर प्रत्येक अक्षर स्वतंत्रपणे महाराष्ट्र ओलांडून जातं आणि परत येतं.

याचा पडताळा हवा असेल, तर दूरच्या यंत्रावर स्वतःचा पासवर्ड बदलून बघा. तुम्ही टाइप करता आणि पडद्यावर काहीच दिसत नाही. नव्या माणसाला वाटतं, कीबोर्ड बिघडला. खरं तर अक्षरं व्यवस्थित पोचलेली असतात. फक्त या वेळी पलीकडचं यंत्र ती परत पाठवत नाही.

मग पुढचा प्रश्न आपोआप येतो. एवढ्या लांबच्या वाटेवर, कितीतरी यंत्रांच्या हातांतून जाताना, ही अक्षरं कुणी वाचत नाही का?

एके काळी सर्रास वाचता येत होती. टेलनेट नावाची जुनी पद्धत म्हणजे पोस्टकार्ड होतं. मजकूर उघडा, पासवर्डही उघडा. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी चोरून कान लावला आणि हजारो पासवर्ड गोळा केले. तिथल्या टाटू युलोनेन नावाच्या संशोधकाला ते इतकं लागलं, की त्यानं काही महिन्यांत एक नवा प्रोग्राम लिहून काढला आणि जुलैमध्ये जगाला फुकट देऊन टाकला. त्याचं नाव एसएसएच, म्हणजे सिक्युअर शेल. प्रत्येक सेवेला इंटरनेटवर एक दार क्रमांक लागतो. टेलनेटचं दार २३, फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचं २१, आणि मधलं २२ रिकामं! त्यानं पत्र लिहून तेच मागितलं आणि दुसऱ्याच दिवशी ते मिळालंसुद्धा. आज जगभरचे सर्व्हर त्याच २२ नंबरच्या दारानं उघडतात.

पण खरी जादू त्या दाराच्या आत आहे. भाचीचा लॅपटॉप आणि पुण्याचं यंत्र यांची आधी कधीच ओळख नसते. दोघांना एक गुप्त आकडा ठरवायचा आहे, कारण त्याच आकड्यानं पुढचं सगळं बोलणं कुलूपबंद होणार. आणि तो ठरवायचा भर चौकात, सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं बोलून. हे शक्य तरी आहे का?

कागद-पेन्सिल घ्या, आपण करूनच बघू. दोन आकडे सगळ्यांना माहीत आहेत, २ आणि ११. भाची मनात ३ धरते, पुण्याचं यंत्र ४ धरतं. हे दोन आकडे कुणीच कुणाला सांगत नाही. आता भाची २ चा स्वतःशी तीनदा गुणाकार करते, उत्तर ८. त्याला ११ नं भागलं की बाकी ८ च. ती मोठ्यानं म्हणते, "आठ!" पुणे २ चा चारदा गुणाकार करतं, १६. अकरानं भागून बाकी ५. तेही मोठ्यानं म्हणतं, "पाच!" चौकातल्या सगळ्यांनी आठ ऐकला, पाचही ऐकला.

आता भाची पुण्याचा ५ घेते आणि आपल्या मनातल्या तिनाप्रमाणे त्याचा स्वतःशी तीनदा गुणाकार करते, १२५. अकरा अक्रे १२१, बाकी ४. पुणे भाचीचा ८ घेऊन त्याचा स्वतःशी चारदा गुणाकार करतं, ४०९६. त्यातून ४०९२ वजा जातात, बाकी ४!

दोघांकडेही ४. आणि हा ४ कुणी उच्चारलेलाच नाही! मी पहिल्यांदा हे करून पाहिलं तेव्हा गुणाकार-भागाकार तीनदा तपासले होते. हे एवढे लहान आकडे असतील तर चौकातला चोर एकेक करून ताडून बघेल. पण अकराच्या जागी शेकडो अंकी संख्या ठेवा, मग पुढं जाणं सोपं आणि उलटं येणं अशक्यप्राय. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली ही युक्ती जगापुढं मांडली. भाचीनं एंटर दाबल्यावर जे क्षणभर थांबावं लागतं, त्या क्षणात हेच चाललेलं असतं. आता तर उद्याच्या क्वांटम संगणकांना हे उलटं गणित जमेल या धास्तीनं, ओपनएसएसएच या प्रोग्रामच्या २०२२ मधल्या नवव्या आवृत्तीपासून त्यात आणखी एक वेगळं गणित मिसळलेलं आहे. जी यंत्रं अजून पुरती उभीच राहिली नाहीत, त्यांच्यापासून आजची अक्षरं लपवायची सोय!

तरी एक फट उरते. गुप्त आकडा ठरला खरा, पण कुणाशी? मध्येच कुणी "मीच पुणे" म्हणून उभा राहिला तर? म्हणून पहिल्या भेटीत पलीकडचं यंत्र आपला ठसा दाखवतं, अक्षर-आकड्यांची एक लांबलचक ओळ, आणि आपला प्रोग्राम विचारतो की ओळख पटली का. आपण काय करतो? न वाचता "यस" लिहून मोकळे होतो. माणसाचा डोळा अशा ओळी वाचायला बनलेलाच नाही. हे ओळखून ओपनएसएसएचनं त्या ठशाचं चित्र काढायची सोय केली. सतरा बाय नऊ घरांची चौकट. मधल्या घरात बुद्धिबळातला उंट ठेवायचा, आणि ठशातले दोन-दोन बिट सांगतील तशी त्यानं तिरकी पावलं टाकायची. ज्या घरात तो जास्त वेळा जाईल तिथं जास्त गडद चिन्ह. या रीतीचं टोपणनावच 'झिंगलेला उंट' आहे. शेवटी जे तयार होतं, ते मला तरी हुबेहूब ठिपक्यांच्या रांगोळीसारखं दिसतं. प्रत्येक यंत्राच्या दारात त्याची स्वतःची रांगोळी. शेजारच्या दारातली रांगोळी बदलली तर आपल्याला पटकन कळतं ना? तसंच.

आता आपली ओळख पुण्याला पटवायची. पासवर्ड चालतो, पण किल्लीची जोडी त्याहून भारी. शिक्का आणि शिक्क्याचा ठसा अशी कल्पना करा. ठसा खुशाल सगळ्यांना द्या, शिक्का आपल्याजवळ. दर जोडणीला एक नवा मजकूर तयार होतो, आपण त्यावर शिक्का मारून देतो, पुणे तो ठशाशी ताडून बघतं. शिक्का घराबाहेर जातच नाही.

हा शिक्का घडतो कसा, ते पुटी या प्रोग्रामच्या किल्लीखान्यात बघण्यासारखं आहे. विंडोजवरचा हा जुना, छोटासा, फुकट प्रोग्राम केंब्रिजच्या सायमन टॅथम यांनी लिहायला घेतला. नवी किल्ली मागितली की तो सांगतो, या रिकाम्या जागेवर माउस फिरवा. भाचीनं फिरवला. वेडावाकडा, नागमोडी. हिरवी पट्टी भरत गेली. तिच्या मनगटाच्या त्या थरथरीतून संगणक अनिश्चितता वेचत होता! हिशेबानं चालणाऱ्या प्रोग्रामला स्वतःहून बेहिशेबी होणं जमत नाही, ते बाहेरून उसनं घ्यावं लागतं, इथं माणसाच्या हाताकडून.

या अनिश्चिततेला किती किंमत आहे? २०२४ च्या एप्रिलमध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या रूर विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी पुटीतच एक चूक शोधली. पी-५२१ नावाच्या एका प्रकारच्या किल्लीला दर सहीसाठी ५२१ बिटांचा ताजा, बेहिशेबी आकडा लागतो. पुटी तो ज्या कृतीनं बनवत होता, तिच्यातून ५१२ च बिट निघत. वरचे नऊ कायम शून्य. बस, एवढंच! पण सुमारे साठ सह्या हाती आल्या, की त्या नऊ शून्यांच्या आधारानं अख्खा शिक्का घडवता येत होता. सात वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ०.८१ या आवृत्तीत दुरुस्ती झाली, पण तोवर पुटीत वापरल्या गेलेल्या तसल्या किल्ल्या कायमच्या बाद. इतर प्रकारच्या किल्ल्यांना काही झालं नाही. तेव्हा पुटी वापरत असाल तर आवृत्ती आजच बघा, आणि नवी किल्ली करताना ईडी-२५५१९ हा प्रकार निवडा.

"मग मी वापरू काय, मामा?" भाचीचा प्रश्न रास्त होता. आपल्या बाजूच्या या प्रोग्रामला क्लायंट म्हणतात, आणि सगळे क्लायंट एकच भाषा बोलतात, म्हणून पुण्याला फरक पडत नाही. फरक आपल्याला पडतो. माझं मत सरळ आहे, आधी ओपनएसएसएच शिका. लिनक्सवर, मॅकवर तो असतोच, आणि २०१८ पासून विंडोज १० मध्येही तो बसवलेला येतो. एक ओळ लिहिली की काम झालं. चाळीस यंत्रांची नावं जपून ठेवायची असतील, खिडकीत बोटानं निवडायची असतील, तर पुटी अजून गोड वाटतो. किल्ली मात्र तो आपल्याच वेगळ्या साच्यात ठेवतो, दुसरीकडे नेताना बदलून घ्यावी लागते. आणि पुण्याच्या यंत्रावर काढलेला आलेख इथल्या पडद्यावर बघायचा असेल, फाइली बाजूच्या यादीतून ओढून घ्यायच्या असतील, तर मोबाएक्सटर्म. भाचीला आलेखच बघायचे होते, म्हणून तिनं तेच ठेवलं.

ओपनएसएसएचकडे माझा ओढा आहे, त्याचं आणखी एक कारण सांगतो. अक्षरं कुलूपबंद असली तरी ती कधी निघाली हे बाहेरून दिसतंच. टक, टक-टक, टक. दाराआड तबला वाजत असेल तर वादक दिसत नाही, पण ठेका कळतो ना? कळांमधल्या अंतरावरून काय टाइप झालं असेल याचा माग काढता येतो, हे बर्कलीच्या संशोधकांनी २००१ मध्येच दाखवलं होतं. २०२३ च्या ९.५ आवृत्तीपासून ओपनएसएसएच तुमचा ठेकाच पुसून टाकतो. कळा दर वीस मिलिसेकंदांच्या एकसारख्या तालात बाहेर सोडतो, आणि तुम्ही थांबलात तरी काही काळ खोट्या कळा वाजवत राहतो. केवढी ही काळजी, एका अक्षराच्या वारीची!

दोन दिवसांनी आम्ही दुर्गहून नागपूरला निघालो. भाचीनं फोनवर टर्मक्स नावाची तसलीच काळी खिडकी उघडली आणि त्यात मॉश नावाचं एक साधन चालवलं. पुण्याच्या यंत्रावर तिथल्या लोकांनी मॉशचा जोडीदार बसवून ठेवला होता, त्याशिवाय हे चालत नाही. आत शिरताना मॉश एसएसएचचंच दार वापरतं, पण पुढं आपल्या वाटेनं जातं. ते प्रत्येक अक्षराची साखळी जपत बसत नाही, पडदा आत्ता कसा दिसतो एवढंच दोन्हीकडे जुळवत राहतं. जुनी पानं वर सरकवून बघता येत नाहीत, फाइलीही पाठवता येत नाहीत, पण गाडीत त्याच्यासारखं दुसरं काही नाही. एमआयटीच्या कीथ विन्स्टीन आणि हरी बालकृष्णन यांनी ते २०१२ मध्ये मांडलं, आणि यातल्या बालकृष्णन यांचा जन्म, आम्ही ज्या गावाला निघालो होतो त्या नागपूरचा.

डोंगरगड गेलं. जंगल सुरू झालं तसा फोनचा सिग्नल पातळ होत गेला. भाची टाइप करत होती आणि अक्षरं लगेच उमटत होती, खाली एकेक बारीक रेघ घेऊन. ती रेघ म्हणजे मॉशचा अंदाज, "पुणे हेच परत पाठवेल असं वाटतंय." पुण्याहून खरं अक्षर आलं की रेघ गळून पडायची. ३जी नेटवर्कवरच्या मोजणीत एसएसएचला कळ उमटायला लागलेल्या वेळेचा मध्यक ५०३ मिलिसेकंद होता, मॉशचा पाचाहून कमी.

दरेकसाच्या बोगद्यात गाडी शिरली आणि सिग्नल पार गेला. पडद्यावर वर एक निळी पट्टी आली, शेवटचा संपर्क किती सेकंदांपूर्वी झाला ते मोजत. भाची फोन हातात धरून बसली. गाडी बाहेर आली, गोंदियाकडे उतरायला लागली, फोननं नवा टॉवर पकडला, इंटरनेटवरचा पत्ताही बदलला असेल. साधी जोडणी केव्हाच तुटली असती. इथं एक ओळख पटलेलं पाकीट नव्या पत्त्यावरून पुण्याला पोचलं, आणि पुण्यानं तिथंच उत्तर धाडलं. निळी पट्टी गेली. अर्धवट राहिलेल्या शब्दाखालच्या रेघा एकामागून एक पुसल्या गेल्या आणि भाचीनं पुढचं अक्षर दाबलं.