सेलमचा सॅलस्ट

मॅसॅच्युसेट्समधले सेलम म्हटले की चेटकिणींचे खटले आठवतात. ते १६९२चे. पुढे शंभरेक वर्षांनी हेच बंदर सुमात्राच्या मिऱ्यांवर गब्बर झाले आणि १८०५ मध्ये तिथल्या जॉशुआ कुशिंगच्या छापखान्यातून एक लॅटिन इतिहास बाहेर पडला. रोमन इतिहासकार सॅलस्टचे दोन ग्रंथ: कॅटिलिनाचा कट आणि जुगुर्थाचे युद्ध.

शोभेचे नव्हे, हे शाळकरी पोरांचे पुस्तक. हार्वर्डमध्ये शिरायचे तर व्हर्जिल, सिसरोची भाषणे आणि सॅलस्ट यावाच लागे.

छपाई सगळी हातची. जुळाऱ्याने एकेक खिळा उचलायचा, उलटा वाचायचा, ओळीत बसवायचा. लॅटिनमध्ये ‘ए’ आणि ‘ई’ जोडून एकच खिळा असे. जोडाक्षरांनी बेजार झालेल्या आपल्याकडच्या जुळाऱ्यांना तो किरकोळच वाटला असता. मग चामड्याच्या गोळ्यांनी शाई थापायची आणि दांडा ओढून दाब द्यायचा. शाई म्हणजे जवसाचे तेल आणि काजळी. कागद चिंध्यांचा. लाकडाच्या लगद्याचा कागद पुढे आला आणि पिवळा पडून तुटू लागला. चिंध्यांचा मात्र दोनशे वर्षांनीही बोटाला कापडासारखा लागतो.

पण या मजकुराला तेव्हा वेगळीच धार होती. कॅटिलिना म्हणजे कर्जबाजारी, महत्त्वाकांक्षी, इ.स.पू. ६३ मध्ये सत्ता उलथवू पाहणारा रोमन उमराव. अमेरिकन मुत्सद्दी अलेक्झांडर हॅमिल्टनने आपला वैरी ॲरन बर याला पत्रांतून अमेरिकेचा कॅटिलिना ठरवले होते. जुलै १८०४ मध्ये द्वंद्वयुद्धात याच बरच्या गोळीने हॅमिल्टन गेला, तेव्हा बर देशाचा उपराष्ट्राध्यक्ष होता! १८०७ मध्ये बरवर देशद्रोहाचा खटला चालला, तो सुटला. व्याकरणासाठी सॅलस्ट घोकणाऱ्या पोरांच्या घरी वडीलधारे हीच नावे घेऊन भांडत असणार.

खुद्द सॅलस्टही काही सोवळा नव्हता. बदफैलीच्या आरोपावरून त्याला सिनेटमधून हाकलले होते आणि आफ्रिकेतल्या सुभेदारीत त्याने प्रांत लुटल्याचे आरोप झाले. नंतर हाच गृहस्थ रोमच्या लोभावर ताशेरे ओढत बसला. गद्य मात्र आखूड, खणखणीत. मला तरी सिसरोच्या पल्लेदार वाक्यांपेक्षा हेच भावते.

योगायोग असा की त्याच १८०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला मिशनरी विल्यम केरीचे मराठी व्याकरण छापले गेले. सेलमचा धागा तर थेट मुंबईपर्यंत येतो. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलमच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली. त्यांतला गॉर्डन हॉल मुंबईला आला. त्याच्या अमेरिकन मिशनने १८१७ मध्ये इथे मराठी छपाई सुरू केली आणि त्या छापखान्याची पुस्तके पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना उभारला. त्यांचे पंचांग निघाले १८३१ मध्ये.