सल्ला न देणारी माणसं

दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं होतं ते व्यसनमुक्ती केंद्रावर लिहायला. केंद्रांविषयी मराठीत पुष्कळ लिहून झालं आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळावर १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेलं ‘मुक्तांगण’ तर बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. मला प्रश्न पडला होता तो त्यापुढचा. उपचार घेऊन घरी आलेला माणूस संध्याकाळी सात वाजता, पावलं सवयीनं गुत्त्याकडे वळू लागतात तेव्हा, जातो कुठे?

काही जण पालिकेच्या शाळेत जातात. लहान मुलांच्या बाकांवर अंग चोरून बसलेले चाळिशी-पन्नाशीतले पुरुष मी पाहिले ते अशाच एका वर्गात. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘एए’च्या मिटिंगा आपल्याकडे शाळांच्या वर्गांत, चर्चच्या हॉलमध्ये, अशाच मागून घेतलेल्या जागांत भरतात.

वर्गाची किल्ली एका निवृत्त गृहस्थांकडे असते. नाव लिहायचं नाही, हा इथला पहिला शिष्टाचार. ते सर्वांच्या आधी येतात, बाक सरळ करतात, एएच्या ‘बारा पायऱ्यां’चा, म्हणजे व्यसनातून बाहेर पडण्याच्या टप्प्यांचा, कापडी फलक खिळ्याला अडकवतात आणि दारातच उभे राहतात. नवा माणूस बहुधा जिन्यापर्यंत येऊन परत फिरतो, हे त्यांना स्वतःवरून माहीत आहे. म्हणून कुणी घुटमळताना दिसला, की ते खाली उतरतात आणि काही न विचारता त्याच्याबरोबर वर येतात. इतकी वर्षं दारू न पिता काढल्यावर त्यांना इथं यायची गरज काय, असं मी विचारलं. नवा माणूस आला नाही तर आपलं कठीण होईल, असं त्यांचं म्हणणं.

संस्थेचा इतिहासही हेच सांगतो. मे १९३५ मध्ये बिल विल्सन हा नुकतीच दारू सोडलेला न्यूयॉर्कचा शेअर दलाल ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी व्यवहार फसून हॉटेलात एकटा पडला. समोर बार होता. त्यानं चर्चच्या यादीवरून फोन करायला सुरुवात केली. त्याला दुसरा कुणी दारुडा हवा होता, बोलायला. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाची गाठ पडली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि कित्येक तास बसले. १० जून १९३५ हा त्यांच्या शेवटच्या घोटाचा दिवस आणि तोच एएचा स्थापनादिन. भारतात एए १९५७ मध्ये आली.

मिटिंगमध्ये प्रत्येक जण उठतो, फक्त पहिलं नाव सांगतो, आपण अल्कोहोलिक आहोत म्हणतो आणि बोलू लागतो. बायकोचे दागिने, बुडालेली नोकरी, बापाच्या तेराव्याला पिऊन पडलेला मुलगा. बोलून झालं की तो खाली बसतो. कुणी उत्तर देत नाही, कुणी उलट प्रश्न विचारत नाही, ‘तू असं करायला हवं होतंस’ असं तर कुणीच म्हणत नाही. पुढचा उठतो. मला सर्वांत जास्त खिळवून ठेवलं ते या नियमानं. पिणाऱ्याला सल्ल्याची कधीच कमी नसते. आईनं रडून सांगितलेलं असतं, साहेबांनी मेमो दिलेला असतो, पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ झालेली असते, गळ्यात माळही घालून झालेली असते. शपथ मोडली की शरम वाढते आणि शरम बुडवायला पुन्हा बाटली. इथं जन्मभराची शपथ कुणी मागत नाही. मागतात तो फक्त आजचा दिवस. ‘स्लिप’ झालेला, म्हणजे पुन्हा प्यायलेला माणूस दुसऱ्या दिवशी आला तर त्याच्यासाठी बाकावर जागा होते.

शेवटी थैली फिरली. मी खिशात हात घातला, तेवढ्यात किल्लीवाल्या गृहस्थांनी ती हळूच पुढं सरकवली. बाहेरच्यांचे पैसे चालत नाहीत. सभासदत्वाला फी नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट.

याचा उपयोग होतो का? वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात सत्तावीस अभ्यास तपासले गेले. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत, लोकांना पद्धतशीरपणे एएशी जोडून देणारे उपचार इतर मान्यताप्राप्त उपचारांइतके किंवा त्यांहून सरस ठरले.

पण त्या वर्गापर्यंत पोचायचं कसं? केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार, दारूच्या आहारी गेलेल्या अडतीस जणांपैकी एकालाच कसली ना कसली मदत मिळते. मिटिंगची पाटी रस्त्यावर दिसत नाही. शाळेला सुट्टी लागली की जागा बदलते; म्हणून आधी फोन करूनच निघावं. तालुक्याच्या गावी रात्री मिटिंग संपेपर्यंत शेवटची एसटी गेलेली असते. बाईला तर पुरुषांनी भरलेल्या खोलीत उभं राहून ‘मी पिते’ म्हणायचं असतं आणि गावात तिचं नाव किती काळ गुप्त राहील याची खात्री तिला कोण देणार? पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख येतो. ज्याला जशी समजेल तशी शक्ती, असा खुलासा तिथंच आहे, तरी काही नास्तिक तेवढ्यावरून परत जातात. त्यांनी आणखी दोन मिटिंगा बसून पाहाव्यात, असं मला वाटतं.

सर्वांत मोठी काळजी शरीराची. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकाएकी बंद केली तर हात कापतात, फिट येऊ शकते, दोन-चार दिवसांत भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. मिटिंग म्हणजे दवाखाना नव्हे. अशा माणसाला आधी डॉक्टरकडे न्यायला हवं. आणि चहात गुपचूप पूड मिसळण्याच्या जाहिरातींना कुणी भुलू नये. त्यात काय असतं ते सांगता येत नाही. डायसल्फिरामसारखं औषध न सांगता दिलं आणि वर दारू पोटात गेली, तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. ते औषध रुग्णाला सांगून, डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं.

घरच्यांसाठीही जागा आहे. अल-अ‍ॅनॉनचे गट पिणाऱ्यांच्या नातेवाइकांचेच असतात. पिणारा यायला तयार नसेल तर तुम्ही जा. एएच्या ‘ओपन मिटिंग’ला कुणालाही बसता येतं. पत्ता माहीत नसेल तर केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्ती हेल्पलाइन विनामूल्य आहे. आजच फोन करा.