खलनायकाची बाजू कोण ऐकणार?

कामं आटोपली असतील, नसतील तर हात चालू ठेवा आणि कान इकडे द्या.

निळू फुले पडद्यावर आले की आपल्या आया-आज्या बोटं मोडायच्या. खरा माणूस किती भला, सेवादलात घडलेला! पण पडद्यावरच्या दुष्टाला कुणी विचारत नसे, "बाबा, तू असा का झालास?" आज मी अशा कादंबऱ्यांविषयी सांगणार आहे, ज्यांनी हा प्रश्न विचारला. त्यातली पहिली एका अठरा वर्षांच्या मुलीने लिहायला घेतली होती.

तिचं नाव मेरी शेली. इंग्लंडमधली. तिच्या जन्मानंतर काही दिवसांतच आई गेली. ती आई म्हणजे मेरी वोल्स्टनक्राफ्ट, जिने 1792 साली स्त्रियांच्या हक्कांवर पुस्तक लिहिलं होतं. 1815 मध्ये मेरीचं स्वतःचं पहिलं तान्हं बाळही गेलं. पुढच्या वर्षी ती स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाच्या सरोवराकाठी राहत होती. त्या उन्हाळ्यात पाऊस थांबेना. घरात अडकलेल्या मित्रमंडळींनी ठरवलं, प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहायची. त्यातून मेरीची 'फ्रँकेन्स्टाइन' जन्माला आली. 1818 साली ती छापली, पण पुस्तकावर मेरीचं नाव नव्हतं. अनेकांना वाटलं, नवऱ्यानेच लिहिली असणार! आज तिला विज्ञान कादंबऱ्यांची सुरुवात मानतात.

गोष्ट अशी. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन नावाचा तरुण विज्ञान शिकतो आणि मेलेल्या शरीरांचे भाग जोडून आठ फुटी जीव तयार करतो. त्या जिवाने डोळे उघडले आणि व्हिक्टर घाबरून पळाला. आपण घडवलेल्याला त्याने साधं नावही दिलं नाही. बऱ्याच लोकांना वाटतं, फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचं नाव. नाही, ते त्याला बनवणाऱ्याचं आडनाव.

पुढे खून पडतात. दुसऱ्या एखाद्या लेखकाने एवढंच सांगून राक्षसाला मारून टाकलं असतं. मेरीने कादंबरीच्या मधोमध त्यालाच बोलायला लावलं. कित्येक पानं तोच आपली हकिगत सांगतो.

तो एका गरीब घराला लागून असलेल्या खोपटात लपला. फटीतून त्या घरातली माणसं बघत, त्यांचं बोलणं ऐकत भाषा शिकला. आधी त्यांचं अन्न चोरायचा. ती स्वतःच उपाशी राहतात हे कळल्यावर चोरी सोडली आणि कंदमुळांवर राहू लागला. रात्री गुपचूप त्यांच्यासाठी सरपण आणून ठेवायचा. एके दिवशी धीर करून घरातल्या आंधळ्या म्हाताऱ्यापाशी गेला. म्हाताऱ्याला रूप दिसत नव्हतं, म्हणून तो मायेने बोलला. एवढ्यात मुलं आली आणि मुलाने काठीने बडवून काढलं. पुढे त्याने नदीत बुडणाऱ्या मुलीला वाचवलं, तर बक्षीस म्हणून गोळी मिळाली. मग त्याचं मन फिरलं.

इथे आपल्या डोळ्यांत पाणी येतं. पण थांबा. मेरी त्याला सोडून देत नाही. त्याने व्हिक्टरच्या लहान भावाला मारलं आणि आळ घातला घरातल्या जस्टिन नावाच्या गरीब मोलकरणीवर. ती निरपराध फासावर गेली. खरं काय ते व्हिक्टरने ओळखलं होतं, तरी तो गप्प बसला. म्हणजे बघा, राक्षसाचं दुःख खरं आणि त्याचा गुन्हाही खरा. दोन पुरुषांच्या वैरात जीव गेला कामवाल्या बाईचा.

दुसरं उदाहरण आपल्या देशाशी जोडलेलं आहे. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाने 1870 च्या कादंबरीत पाणबुडीचा कप्तान रंगवला, कप्तान नेमो. नेमो म्हणजे लॅटिन भाषेत 'कोणीच नाही'. तो जहाज बुडवतो आणि मग एका बाईच्या आणि दोन मुलांच्या तसबिरीपुढे गुडघे टेकून रडतो. ती कोण, हे तेव्हा कळत नाही. 1875 च्या 'मिस्टीरियस आयलंड' या कादंबरीत मरताना तो सांगतो, मी बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर. 1857 च्या उठावात इंग्रजांशी लढलो, बायकामुलं गमावली. व्हर्नच्या गोष्टी भा. रा. भागवतांनी मराठीत आणल्या आहेत. गावच्या वाचनालयात विचारून बघा.

लक्षात आलं का? एकाला नावच नाही, दुसऱ्याने स्वतःचं नाव पुसून टाकलं.

हे मी आज का सांगते? आमच्या एका गटात एका ताईने तीन महिने हप्ता भरला नाही. वर "बँकेत भरलाय" असं खोटं सांगितलं. बायकांनी तिचं नाव घेणंच सोडलं. "ती बुडवी" म्हणायच्या. मीही म्हणाले, लपवत नाही. मग एकदा घरी गेले. सासू अंथरुणाला खिळलेली, नवऱ्याची मजुरी बंद. पहिला हप्ता चुकला तेव्हा नळावर बायका जे बोलल्या, ते तिच्या कानावर गेलं होतं. त्यानंतर तिला बैठकीत यायचं तोंडच राहिलं नाही, आणि खोटं तिथून सुरू झालं.

बैठकीत आम्ही तिलाच बोलायला लावलं. ऐकून घेतलं म्हणून कर्ज माफ केलं नाही. खोटं बोलल्याचा दंडही ठेवला, कारण पैसा सगळ्यांच्या घामाचा. फक्त हप्ता निम्मा केला, मुदत वाढवली. कर्ज फिटायला वेळ लागला, पण फिटलं. आणि आता इतिवृत्तात तिचं पूर्ण नाव लिहिलं जातं.

मेरीच्या कादंबरीतून मी हेच घेतलं. ऐकून घेणं वेगळं आणि माफ करणं वेगळं. पण न ऐकताच शिक्का मारला, तर पुढच्या खुनात थोडा हात आपलाही असतो.

पुढच्या बैठकीत एक करून बघा. गावात ज्या बाईचं नाव न घेता टोपणनावानेच बोललं जातं, तिची बाजू कुणाला माहीत आहे का, एवढंच विचारा. कुणालाच माहीत नसेल, तर एकीने तिच्या घरी चहाला जावं.

येते मी. पुन्हा भेटू.