माती प्रदूषित की मुळातच तशी?

पर्यावरणाच्या प्रोजेक्टसाठी गावाकडची काळी माती लॅबमध्ये दिलीत. रिपोर्ट आला : तांबं, किलोमागे ९० मिलिग्रॅम. नेटवर सरासरी शोधली तर ४५. म्हणजे थेट दुप्पट! ‘आमच्या गावची माती प्रदूषित’ असं शीर्षक टाकून मोकळे होणार असाल, तर जरा थांबा.

४५ ही सरासरी शेल नावाच्या गाळाच्या खडकाची. जगभरचे अभ्यासक तुलनेसाठी ती सर्रास वापरतात. पण महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसॉल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या कातळावर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून तो बनला. बेसॉल्टमध्ये तांब्याची सरासरीच ८७ आहे. क्रोमियम शेलमध्ये ९०, तर बेसॉल्टमध्ये १७०. मग तुमचे ते ९० मुळात जास्त आहेत का?

कोकणात आणखी एक गंमत होते. उष्ण हवा आणि धो धो पाऊस यांमुळे खडकातली सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम वाहून जातं. लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरतं आणि त्यांच्यासोबत क्रोमियमही साठत जातं. हाच आपला जांभा. त्यातलं बरंचसं क्रोमियम लोहाच्या संयुगांत घट्ट अडकलेलं असतं, पिकाला ते सहज मिळत नाही. म्हणजे ‘किती आहे’ इतकंच ‘कोणत्या रूपात आहे’ हेही महत्त्वाचं.

धोका मोजायला स्वीडनच्या लार्स हाकान्सन यांनी १९८० मध्ये एक सोपं गणित मांडलं. तुमचा आकडा भागिले नैसर्गिक पातळी, गुणिले त्या धातूच्या विषारीपणाचा अंक. तांब्याचा अंक ५, कॅडमियमचा ३०, पाऱ्याचा ४०. उत्तर ४०च्या आत असेल तर धोका कमी. तांबं दुप्पट झालं तर उत्तर येतं १०, कॅडमियम दुप्पट झालं तर थेट ६०!

पण या गणितात नैसर्गिक पातळीच चुकीची धरली, तर पुढचं सगळंच चुकतं. शेतकऱ्याच्या चांगल्या जमिनीवर उगाच ‘विषारी’चा शिक्का बसतो. उलटही होतं. सांडपाणी सोडणारा कारखाना ‘इथली मातीच तशी’ म्हणून हात वर करतो. दोन्ही वेळा भुर्दंड गावालाच.

म्हणून नमुना घेताना एवढं करा. त्याच खडकावरची, पण रस्ता, कारखाना आणि शेतापासून लांबची माती तुलनेसाठी घ्या. वरच्या थरासोबत खालच्या थराचाही नमुना घ्या. धातू फक्त वरच जास्त असेल, तर तो बाहेरून आल्याची शंका घ्यायला जागा आहे. माती उकरायला स्टीलचं खुरपं नको, त्यातही क्रोमियम असतं. प्लॅस्टिकचा चमचा चालेल. आणि रिपोर्टमध्ये आकड्याशेजारी एक ओळ नक्की लिहा : तुलना कोणत्या मातीशी केली.